महिनाभर कोणी ओरडलं नाही

जबलपूरच्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. पेशंटांची सगळी माहिती डेटाबेसमध्ये असते, आणि डेटाबेस म्हणजे शेवटी रकाने आखलेली टेबलं. माझ्या आधी येऊन गेलेल्या प्रत्येकाने आपापली चार टेबलं वाढवून ठेवलेली. कशासाठी, ते विचारायला त्यांच्यातलं कोणी उरलं नव्हतं. मागच्या वर्षी एआय एजंट हाताशी आला. साध्या भाषेत सांगायचं तर, तो डेटाबेसमध्ये शिरून सांगितलेलं काम करून येतो. मी त्याला साफसफाईला लावलं.

घाई मात्र केली नाही. एजंटने थेट काही पुसायचं नाही, असा माझा कडक नियम होता. आधी बॅकअप घ्यायचा. मग टेबलाचं नुसतं नाव बदलायचं, म्हणजे ते कोणाला सापडणार नाही, आणि महिनाभर गप्प बसायचं. ज्याचं काही अडेल तो ओरडेल. ओरडला की नाव पूर्ववत. नाही ओरडला, तर पुसून टाकायचं. ही पद्धत काही मी शोधून काढलेली नाही, पुष्कळ ठिकाणी वापरतात. पण सांगताना माझी मान अशी ताठ व्हायची, की जणू ती पद्धत माझीच.

एका टेबलापाशी एजंट अडला. त्याने लिहिलं, हे क्वचितच उघडलं जातं, पण उघडलं जातं ते रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून. तिथे बसणाऱ्या व्यक्तीला आधी विचारून घ्यायचं का? मी उत्तर दिलं, गरज नाही, महिनाभर थांबतोच आहोत. ते उत्तर एजंटशी झालेल्या चॅटमध्ये अजून तसंच आहे. मी अधूनमधून उघडून वाचतो आणि स्वतःचाच राग येतो.

रिसेप्शनला काकू बसायच्या. नात्याच्या नाहीत. दवाखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, दोघांचीही घरं मूळची विदर्भातली, म्हणून काकू. चाळिशी उलटल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या. स्क्रीनवर काहीही बिघडलं की ते आपल्याच बोटाने बिघडलं, अशी त्यांची खात्री. आणि ती खात्री पक्की करायचं काम मी केलं. त्यांचा फोन आला की काय झालं ते ऐकून घ्यायच्या आधीच मी म्हणायचो, "आता काय दाबलं काकू तुम्ही?" आजूबाजूचे हसायचे. त्याही हसायच्या. इंटरनेट बंद असो की प्रिंटरची शाई संपलेली असो, माझं वाक्य ठरलेलं. हळूहळू त्यांचे फोन कमी झाले. मला वाटलं, काकू तयार झाल्या.

ते टेबल त्यांचं होतं. भेडाघाटच्या पलीकडच्या खेड्यांतून मोतीबिंदू झालेले म्हातारे यायचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की दुसऱ्यासाठी त्यांना पुन्हा बोलवावं लागे, आणि पुष्कळांकडे फोनच नसे. मग निरोप कोणाकडे द्यायचा ते काकू त्यात लिहून ठेवत. अमक्याच्या किराणावाल्याचा नंबर, पण दुपारी लावू नये, तो झोपलेला असतो. तमक्याच्या सुनेला सांगू नये, जावयाला सांगावं. पूर्वी काम करून गेलेल्या कोण्या भल्या माणसाने ते त्यांना बनवून दिलं होतं.

मी नाव बदललं त्या दिवशी त्यांच्या स्क्रीनवरची ती जागा कोरी झाली. महिनाभर कोणी ओरडलं नाही. मी एजंटला सांगितलं, पूस.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकूंनी नोकरी सोडली. निरोपाला शाल-श्रीफळ झालं. "डोकं आता साथ नाही देऊन राहिलं," असं त्या म्हणाल्या. वय झालं की सगळेच असं म्हणतात, असं समजून मी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी हाक मारली, "भैया, यहाँ तो कुछ आ ही नहीं रहा, किसको फोन लगाऊँ?" मी जाऊन बघितलं, तर मी पुसायला लावलेलं टेबल ते हेच. बॅकअप होताच. जेवणाचा डबा संपेपर्यंत टेबल जागेवर आलं, एक अक्षरही न हरवता. माझी पद्धत अगदी चोख होती.

रविवारी मी महाराजपूरला काकूंच्या घरी गेलो. दार सुनेने उघडलं. तिने हळू आवाजात सांगितलं, की मुलगा त्यांना नागपूरला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. तपासणीत काही निघालं नाही. पण त्या आता एकट्या बाहेर पडत नाहीत, आणि गॅस बंद केला की नाही ते पुन्हा पुन्हा उठून बघतात.

काकू आल्या, मला बघून खूश झाल्या, स्वतः चहा करून घेऊन आल्या. चहा पिता पिता मी सांगितलं, की त्यांची ती निरोपांची यादी परत जागेवर आली. मग विचारलं, "मला फोन काहून नाही केला काकू?"

"काय सांगू बेटा," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील, आता काय दाबलं. मला वाटलं मीच पुसून टाकलं, अन् कधी पुसलं तेही आठवून नाही राहिलं. मग जेवढे ध्यानात होते तेवढे फोन लावले. एक बाबा चुकीच्या दिवशी आले, बिचारे तसेच परत गेले. तेव्हाच ठरवलं, बस झालं आता."

"तुमचं काहीच चुकलं नव्हतं. ते मी काढलं होतं."

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "म्हणजे मी नाही दाबलं?"

"नाही काकू."

"चलो, बरं केलं सांगितलं."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागवायला हवं होतं. उलट ऊन फार आहे, रुमाल बांधून जा, म्हणाल्या. मी उठलो. कप उचलता उचलता त्या थबकल्या.

"चहात साखर टाकली होती ना मी?"

"होती काकू. छान झाला होता."

त्यांनी मान हलवली. मग सून आत वळल्याचं बघून माझा उष्टा कप त्यांनी तोंडाला लावला आणि तळाशी राहिलेला घोट चाखून बघितला.