ईराच्या बाबांची खोड

लिहिणारे चौघे एकत्र बसले की लिखाण राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. आमचंही तेच झालं. खराडीत नवे नवे आयटी पार्क उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. दर रविवारी सकाळी आम्ही सदाशिव पेठेत सुलभाताईंच्या फ्लॅटवर जमायचो. चौघंही कुमारांसाठी लिहायची धडपड करणारे. नियम एकच: पात्राला एक तरी खोड हवी, आणि ती खऱ्या मुलात पाहिलेली हवी!

*

सुलभाताई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा पंधरा वर्षांचा नायक पहाटे उठायचा, अंथरुणाची घडी घालायचा आणि न सांगता दूध प्यायचा.

आयटीतला निखिल म्हणाला, "ताई, हा मुलगा नाही. ही तुमची अपेक्षा आहे!"

त्या दिवशी ताईंनी त्याला चहा दिला, पण बिस्कीट नाही.

*

पुढच्या रविवारी निखिलची पाळी. या पठ्ठ्याने कॉपी-पेस्ट करून नायक, मित्र, मैत्रीण अशा तिघांनाही नखं खायला लावली होती.

ताईंनी चष्मा काढला. "अरे, या मुलांना घरी जेवायला घालत नाहीत का?"

*

मी निरीक्षणासाठी एका क्लासच्या दाराशी उभी राहायला लागले. एके दिवशी एक मुलगा स्कूटी थांबवून म्हणाला, "काकू, रोज येताय तर अ‍ॅडमिशनच घेऊन टाका ना. बॅच फुल होईल!"

*

चौथे अनंतराव. खडकीला कारखान्यात नोकरी, बोलणं कमी, मन फार मऊ. त्यांच्या गोष्टीतली ईरा राग आला की वेणी सोडायची आणि पुन्हा घालायची. गोष्ट दिवाळी अंकात छापून आली, अनंतरावांनी पेढे वाटले. पण शाळेतल्या मुलींनी ईरामध्ये अनंतरावांच्या मुलीला, रेवाला, बरोबर ओळखलं आणि चिडवून चिडवून बेजार केलं.

दुसऱ्या दिवशी रेवा केस कापून आली. आणि बापाशी अबोला!

"गोष्ट गेली खड्ड्यात हो," अनंतराव म्हणाले, "पोर बोलत नाही, घास उतरत नाही." आम्हालाही फार वाईट वाटलं, कारण नियम आमचाच होता.

ताईंनी तोडगा काढला. "पुढची गोष्ट आधी तिला वाचायला द्या. ती हो म्हणाली तरच छापायची."

पुढच्या रविवारी रेवा स्वतःच आली. बापाकडे न बघता ताईंच्या शेजारी बसली.

"आजी, गोष्ट बरी आहे. पण ईराचे बाबा अगदी खोटे वाटतात. त्यांना एकही खोड नाही."

"मग तू सुचव."

"ते ईराच्या खोलीत यायच्या आधी दाराबाहेर खोकतात. आणि आत आल्यावर काय बोलावं सुचत नाही, म्हणून विचारतात, 'पंखा चालू आहे ना?' पंखा समोर गरगरत असतो!"

आम्ही सगळे अनंतरावांकडे बघायला लागलो. बिचारे कानापर्यंत लाल झाले होते. डोक्यावर ताईंचा पंखा फिरत होता.

अनंतराव खोकले. मग रेवाकडे बघत हळूच म्हणाले, "पंखा... चालू आहे ना?"

"हो, बाबा," रेवा म्हणाली. "चालू आहे."