दार उघडल्याशिवाय गाडी हलायची नाही

या ग्रुपवर मी दोन वर्षांपासून सगळ्यांचे अनुभव वाचतोय, आणि खरं सांगतो, बऱ्याचदा हसलोय. वीस वर्षं गाडी चालवली. पिंपळाखाली डबे खाल्ले, स्मशानाच्या भिंतीला लागून चाक बदललं, अमावस्येला भाडी मारली. आमच्या धंद्यातला माणूस भुतापेक्षा पंक्चरला जास्त भितो. तरी एक दिवस असा आहे की त्याच्यावर मला हसता येत नाही. घरी बायकोला सोडून आजवर कुणाला सांगितला नव्हता.

नाव सलीम. राहणार नायगाव, जिल्हा नांदेड. भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. आमच्याकडं भांडी वाजली, सगळी गल्ली बाहेर आली, सकाळी चहा पिऊन जो तो कामाला लागला. तिकडं किल्लारीच्या बाजूला काय झालं ते दुपारी रेडिओवर कळलं. पुढं दहा-बारा वर्षांनी माझी दहा सिटांची जीप आली, नायगाव ते लातूर. घरपोच सेवा. तुमच्या दारातून उचलायचं आणि लातूरला त्यांच्या दारात सोडायचं.

त्या वर्षांत लातूरची हवाच अशी होती की दहावीला बरे मार्क पडले तर पाहुणा पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारायचा, "लातूरला कधी धाडून राहिलात?" एसटी होती की. पण एसटी स्टँडवर सोडते. स्टँडपासून रूमपर्यंत पोरगी एकटी कशी जाईल — या एका काळजीवर माझा धंदा उभा होता.

म्हणून माझा एक नियम होता. पोरीला दारात सोडायचं, हॉर्न द्यायचा, आतून कुणीतरी दार उघडायचं, बॅग आत जायची... मगच गिअर टाकायचा. दार उघडलं म्हणजे मला पोच मिळाली. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, "सलीम, पोरींची पाठवणी करून राहिलास का बे?" चिडवू देत. नायगावात लोक पोरी माझ्याच गाडीत बसवायचे, आणि मला त्याचा लई माज होता. खोटं कशाला बोलू.

शिंदे गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात बोलायची भाषा वेगळी. आज हे जे मराठी लिहितोय ते त्यांच्या छडीची कमाई. त्यांची एकुलती एक पोरगी वैशाली लातूरला बारावीला होती. दिवाळीनंतर तिची रूम बदलली, कारण जुन्या ठिकाणी पाणी आठवड्यातून एकदा यायचं. नवी रूम गुरुजींनी स्वतः बघून ठरवली होती, पण वैशालीनं ती पाहिलेली नव्हती. निघायच्या दिवशी त्यांच्या शाळेत तपासणी निघाली.

सकाळी त्यांच्या दारात जीप उभी केली तर गुरुजी खिडकीला धरून उभे राहिले. "सलीम, नीट ऐक. पाण्याच्या टाकीपासून तिसरी गल्ली. निळं दार, दारात कडुनिंब. सरोजबाई म्हणून आहेत, दारातच उभ्या असतील. दुसरा कुणी असता तर मी रजा टाकून आलो असतो."

"गुरुजी, बिनघोर जा शाळेत. दार उघडल्याशिवाय गाडी हलायची न्हाई."

नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं. एकेक पोरगं उतरवत शेवटी वैशाली राहिली. दुपारचे पावणेदोन झाले असतील, लख्ख ऊन. लातूरच्या बाहेर नवीन वाढलेली वसाहत होती ती. नाव मुद्दाम लिहीत नाही, लोक राहतात तिथं. टाकीपासून गल्ल्या मोजल्या — एक, दोन, तीन. तिसरीत वळलो. पत्र्याचं एक बसकं घर, निळं दार, दारात कडुनिंब. रंग उडालेला होता, पण निळा होता.

मी हॉर्न दिला, आणि बोट उचलायच्या आत दार उघडलं. आत कुणी दाराला हात लावूनच उभं असावं, इतक्या लवकर.

बाई पन्नाशीच्या होत्या. फिकट लुगडं, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वैशालीकडं बघून म्हणाल्या, "आलीस का गं बाई... लई उशीर केलीस."

वैशाली बिचारी उशीर झाला म्हणून ओशाळली. बाईंनी तिची बॅग उचलून आत ठेवली. मी म्हटलं, "काकू, घोटभर पाणी मिळंल का?" त्यांनी तांब्या आणून दिला. मी सवयीप्रमाणं वरून प्यायलो. पाणी गार होतं, पण दाताखाली कचकच लागली. लातूरला टँकरचं पाणी, दुसरं काय, असं मनाशी म्हटलं आणि गिळलं.

"तू निघालास का?" त्यांनी विचारलं. माझ्याशी बोलल्या ते एवढंच.

"हाव काकू, परतीचे पाशिंजर थांबलेत. गुरुजींला तेवढा फोन करा, पोरगी पोचली म्हणून."

वैशालीनं हात हलवला, दार लागलं. दार उघडलं होतं, बॅग आत गेली होती. मी गिअर टाकला.

चार वाजता चहाच्या टपरीवर परतीची माणसं जमवून राहिलो होतो, तर मोबाईल वाजला. नवीनच घेतला होता. गुरुजी होते.

"सलीम, वैशाली कुठं आहे? सरोजबाईंचा आत्ता फोन आला. दीड वाजल्यापासून दारात बसून आहेत त्या, अजून कुणी आलं नाही म्हणतात."

"गुरुजी, मी दारात सोडलं तिला... पावणेदोनला. दार उघडलं होतं."

गुरुजींनी एकच विचारलं, "कुणी उघडलं, सलीम?"

इतकी वर्षं पोरी सोडल्या, दार उघडलं की निघालो. दार उघडणाऱ्याला तुम्ही कोण म्हणून एकदाही विचारलं नव्हतं.

पाशिंजर तिथंच टाकून मी जीप पळवली. टाकीपासून पुन्हा गल्ल्या मोजल्या, तेव्हा चूक दिसली. पहिली म्हणून जी धरली होती तो दोन घरांमधला बोळ होता. सरोजबाईंची गल्ली माझ्या गल्लीच्या पुढची. पण ते तर नंतरचं. मी आधी त्याच घरासमोर गेलो.

माझ्या चाकांची खूण धुळीत तशीच होती. निळं दार बंद, आणि दाराला बाहेरून कुलूप. कुलूप साधं नव्हतं हो... गंजून लाल झालेलं. कुलपापासून चौकटीपर्यंत कोळिष्टक होतं आणि त्यात कडुनिंबाची वाळकी पानं अडकलेली. अडीच तासांपूर्वी हे दार माझ्यासमोर उघडलं होतं.

मी दारावर थापा मारल्या. "वैशाली! ए वैशाली!"

आतून अगदी जवळून आवाज आला. "सलीमभाई? गाडी गेली नव्हती का?"

गाडीतली टॉमी, चाक बदलायचा लोखंडी दांडा, आणली आणि कुलपात घातली. कोपऱ्यावरचा किराणावाला धावत आला, "ओ भाई, काय करून राहिलात? बंद घर हाय ते!" तेवढ्यात आतून वैशालीचा आवाज त्यानंही ऐकला. मग तोच माझ्याबरोबर जोर लावायला लागला. तिसऱ्या हिसक्याला कोयंडा उपटून आला.

वैशाली दाराला टेकून बॅगवर बसली होती. अंगावर ओरखडा नाही, डोळ्यांत पाणी नाही. ती नीट आहे हे बघितलं आणि मला रडू फुटलं, तिच्यासमोर आणि त्या परक्या माणसासमोर. मग खोलीत बघितलं. चूल नाही, माठ नाही, एक वाटीसुद्धा नाही. मी वेड्यासारखा तांब्या शोधत होतो. दाराच्या आतल्या बाजूला कडी नव्हती, नुसती खिळ्यांची चार भोकं.

तिला सरोजबाईंकडं नेलं. त्यांच्या निळ्या दारात कडुनिंब होता, आणि त्या खरोखर दारातच बसलेल्या होत्या. पोरीला बघून त्यांनी आधी मला भरपूर बोलून घेतलं, मग चहा केला. गुरुजींना फोन लावून मी म्हटलं, "घर चुकलं होतं गुरुजी. शेजारच्या एका बाईंकडं बसली होती." वैशाली माझ्याकडं बघत होती.

गुरुजी म्हणाले, "असू दे. तू होतास म्हणून सापडली." छडी परवडली असती.

जाताना किराणावाल्यापाशी थांबलो. तो गल्ल्यामागं बसून होता. त्यानंच सांगितलं. "बाई भूकंपातल्या गावच्या होत्या. हितं घर केलं, एकटीच ऱ्हायच्या. दोन वर्षं झाली वारून. तवापासून ते कुलूप कुणी काढलंच न्हाई."

"घरात दुसरं कुणी?"

"एक पोरगी व्हती म्हणं, सोळा-सतराची. मामाकडं गेलती. बाईनंच सांगावा धाडून बोलावून घेतली. सांजच्याला जीपवाल्यानं दारात आणून सोडली... आन् त्याच राती भूकंप. बाई अंगणात निजलेली, वाचली. पोरीनं आतून कडी लावलेली. दार अडकलं ते उघडलंच न्हाई." त्यानं हात झटकले. "हितल्या घराला त्यांनी आतून कडी ठिवलीच न्हाई, उपटून टाकली. गल्लीत गाडी वाजली की दारात येऊन उभ्या ऱ्हायच्या."

मी दाताखालची कचकच पुन्हा जाणवली म्हणून थुंकलो. काही निघालं नाही.

वैशालीनं त्या दुपारचं मला पुढं संक्रांतीला सांगितलं. मी तिला घरी नेत होतो, ती पुढच्या सीटवर होती. लोह्याच्या पुढं आल्यावर स्वतःहून बोलली. आत अंधार होता म्हणे, पण भीती नाही वाटली. बाई तिच्या शेजारी बसून होत्या. तोंडावरून हात फिरवला, भाकरी दिली, भाकरीत माती लागली. तिनं लाजेनं तशीच खाऊन घेतली. आणि बाई पुन्हा पुन्हा एकच विचारायच्या — "गाडी गेली का गं? बघ ना, गाडी गेली का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, गेली काकू. मग त्या एकदम गप्प झाल्या. नंतर कवा उठून गेल्या ते मला कळलंच न्हाई."

मी जीप बाजूला घेतली. पुढची दहा मिनिटं चालवता आली नाही.

वैशाली आता दोन लेकरांची आई आहे, तिची सगळी माणसं नीट आहेत. गुरुजी गेले. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं, ही एक गोष्ट मला आतून खाते. तुमच्यातले शिकलेले म्हणतील, उन्हात डोकं फिरलं असेल, घर दुसरंच असेल. असेल. पण मग ते कुलूप मी कुठल्या घराचं तोडलं?

तेही एक वेळ सोडून देतो. मला झोपू देत नाही ते बाईंचं विचारणं. मलाही त्यांनी दारात तेच विचारलं होतं — तू निघालास का? मी गेलो की पोरगी कायमची आपली, म्हणून त्या वाट बघत होत्या? का मी अजून दारात असेन तर पोरीला परत माझ्या गाडीत घालायची होती, रात्र व्हायच्या आत? सोळा-सतरा वर्षांची पोर, जीपवाल्यानं दारात सोडलेली... एकदा त्यांची राहिली होती, ही तरी जावी, असं तर नसेल? दोन्ही बाजूंनी लई विचार केला. कळत नाही.

मी अजून पोरी सोडतो. आता दार उघडलं की खाली उतरतो, नाव विचारतो, पोरीच्या आईबापाला तिथूनच फोन लावून देतो. लोक वैतागतात. फोन झाला की मी गाडीत बसतो, पण चावी लगेच फिरवत नाही. त्या दिवशी आणखी थोडा वेळ थांबलो असतो, तर ती बाई बाहेर येऊन काय म्हणणार होती, ते मला कळलं असतं.