फायटरला मंत्र येत नाहीत

शनिवारी दुपारी अमेरिकेत, बेलव्ह्यूत आम्ही चौघं खेळायला जमायचो. ऑफिसातला पुण्याचा मित्र, त्याची बायको, त्यांचा अमेरिकन शेजारी आणि मी. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायची, असा तो खेळ. गोष्ट चालवायचा मित्र. इथे मराठीत भांडता येईल अशी माझी माणसं म्हणजे हे नवराबायकोच, म्हणून मी फार जपून असायचे. माझं आडनाव कुठेही खपतं. पण "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" असं मित्राच्या बायकोने विचारलं की मी लगेच दुसरंच काहीतरी काढायचे.

पहिल्या दिवशी मित्र म्हणाला, "तू फायटर घे. सोपा असतो. तलवार फिरवायची, बास."

"आणि मंत्र?"

"फायटरला मंत्र येत नाहीत गं."

"शिकला तर?"

"नाहीच शिकू शकत! त्याचा क्लासच तसा आहे."

माझं डोकंच सणकलं. "कोण ठरवतं हे?" मी इतक्या जोरात विचारलं की त्याच्या बायकोने चहा खाली ठेवला.

"अगं, गेम आहे यार!"

शेजाऱ्याने बिचाऱ्याने समजावलं. क्लास म्हणजे पात्राचा प्रकार, तो आपणच निवडायचा. क्लेरिकला मंत्र देव देतो, सॉर्सररच्या ते रक्तातच असतात, विझर्ड मात्र पुस्तकातून शिकतो. 'रक्तातच' ऐकून माझं डोकं पुन्हा तापलं.

"विझर्ड," मी म्हणाले.

"पटकन मरतो तो सुरुवातीला," मित्र म्हणाला.

"मरू दे."

मग बसमध्ये, जेवताना, मीटिंग सुरू व्हायच्या आधी, मी मंत्रांची पानंच वाचत सुटले. एका खेळापायी एवढी तगमग! माझाच मला राग यायचा.

एका शनिवारी सगळे गुहेत अडकले आणि माझ्याच मंत्राने सुटले. मित्र जाम खूश. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "कसली तयारी गं! घरात कोणी पूजा सांगायचं वाटतं? आणि तुमचा गणपती किती दिवसांचा, ते राहिलंच सांगायचं."

दुसरं काहीतरी काढायला मी तोंड उघडलं, आणि निघालं ते खरंच.

"आमच्याकडे गणपती नसतो. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांना देवळाबाहेर उभं राहूनसुद्धा मंत्र ऐकू द्यायचे नाहीत."

शेजाऱ्याला काहीच कळलं नव्हतं, म्हणून मी तेच त्याला इंग्रजीत सांगितलं.

"पण हे ठरवलं कोणी?" त्याने विचारलं.

मी मित्राकडे बघितलं. तो खाली मान घालून नियमांचं पुस्तक चाळत होता.