दिव्याच्या खोलीतले बाबा

लोक दीपगृह बघून परत येतात. माझ्या नवऱ्याने ते राहायला घेतलं.

सिंगापुरात पासिर रिसला आमचा चांगला चौकोनी फ्लॅट होता. दाराशी लिफ्ट, खाली भाजी, चालत MRT, म्हणजे मेट्रोचं स्टेशन. पण किनाऱ्यावरचं एक जुनं, दिवा कधीच बंद पडलेलं छोटं दीपगृह सरकार भाडेपट्ट्याने देतंय, हे कळल्यावर याला झोप लागेना. अट अशी, की दुरुस्ती आपण करायची आणि मुदत संपेपर्यंत सोडायचं नाही. याने आनंदाने सही केली. आठवडाभर ऑफिसात मॅनेजर, शनिवार-रविवार हातात पॉलिश पेपर. रंगाचे थर खरवडताना तो इतका सुखी दिसायचा की मला बोलवेना. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते ज्याची हौस त्याच्यापुरतं खरं असावं.

हेरिटेज असल्यामुळे भिंतीत खिळा ठोकायचा नाही, खिडक्या बदलायच्या नाहीत, लोखंडी गोल जिन्याला हात लावायचा नाही. गोल भिंतीला एकही कपाट टेकेना. देव शेवटी फ्रिजवर बसले. तळाला स्वयंपाकघर, मध्ये आमची खोली आणि बाथरूम, वर काचेची दिव्याची खोली. बस लांब. माझी नोकरी तेव्हा सुटली होती आणि इथे राहायचा माझा पास नवऱ्याच्या नोकरीच्या पासला बांधलेला. सकाळी तो गेला की मी त्या नळकांड्यात एकटी उरायचे. राग यायचा, पण कुणावर काढणार?

अशात पुण्याहून माझे बाबा आले. आई गेल्यापासून ते एकटेच होते. नवऱ्याने कौतुकाने सगळं दाखवत त्यांना वरपर्यंत नेलं. समोर समुद्र, पुलाउ उबीन बेटावर माणसं नेणाऱ्या छोट्या बमबोटी. बाबा धापा टाकत म्हणाले, "वा जावईबापू, काय देखणी खोली!"

"मग ही तुमचीच, बाबा."

झालं! बाबांच्या पिढीत जावयाच्या शब्दाला नाही म्हणत नसत. त्यांची बॅग वर गेली. गुडघे त्यांचे आधीच कामातून गेलेले. बाथरूमपर्यंत ते कसेबसे उतरत, त्याखाली नाही. जेवणाचं ताट मी वर न्यायचे. दुपारी ती काच अशी तापायची की पापड भाजावा. एसीचं यंत्र बाहेर लावायला परवानगी नव्हती. बाबा ओला पंचा डोक्यावर घेऊन पंख्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, "झकास वारा येतो गं इथे."

एका रविवारी ते जिन्यात घेरी येऊन बसले, तेव्हा मी नवऱ्यावर फाडकन ओरडले, "अरे, माझा बाप कोंडलास तू वर!"

"अगं, त्यांना आवडतंय. तेच म्हणतात."

"ते मरेपर्यंत तसंच म्हणतील! जावई आहेस तू त्यांचा!"

तो बिचारा धावत वर गेला. विचारलं. बाबा म्हणाले, "छे छे, मला कसला त्रास?" मग आमची खोली घ्या म्हणाला, तर त्यालाही नको. आम्ही हात जोडले, पण बाबा हलेनात. हट्टी म्हातारा, दुसरं काय. मी कुणालाही न विचारता त्यांचं पुण्याचं तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी बाबा एकेक पायरी बसत बसत उतरले. नवरा त्यांच्या पुढे, पाठमोरा, दोन्ही हात पसरून. खाली पोचल्यावर त्याचे डोळे भरले होते. "बाबा, एकदा तरी बोलायचंत," तो म्हणाला. बाबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

टॅक्सीत बाबा आणि मी दोघंच होतो. मला सुटल्यासारखं वाटत होतं. एक माणूस तरी मी बाहेर काढला होता.

"त्या जिन्यातून खालचं सगळं वर ऐकू येतं," बाबा अचानक म्हणाले. "तो गेल्यावर तू रडायचीस. मग नळ सोडायचीस. मला वाटायचं, ताट घेऊन वर येशील, तेवढंच दोन घटका बसशील, बोलशील."

मला तोंड वर करवेना.

"गुडघ्यांचं काय, ते पुण्यातही दुखतात. तुला तिथे एकटीला टाकून जाववत नव्हतं मला."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ किंचाळले.

"सांगितलं असतं, तर 'मी मजेत आहे' म्हणून तू मला त्याच दिवशी विमानात बसवलं असतंस."

टॅक्सी विमानतळाच्या रस्त्याला लागली होती. माझ्यासाठी त्या घरात राहिलेल्या एकुलत्या एका माणसाला मी स्वतःच्या हट्टाने पोचवायला निघाले होते.