बाभळीखालची मोकळी जागा

आमच्या वस्तीच्या कोपऱ्यात एक बाभूळ आहे. तिच्याखाली कोणी म्हैस बांधत नाही. पोरांचा चेंडू तिकडे गेला तर आणायला ती एकमेकांना ढकलतात. विचारलं तर मोठी माणसं म्हणतात, काटे आहेत.

माझी पहिली मुलगी तिथे आहे. बारशाआधीच गेली, म्हणून तिला नाव नाही.

तेव्हा इथे प्लॉट नव्हते, शेत होतं. तान्ह्या लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. बाप आणि एखादा जाणता माणूस घेऊन जातात. आईने मागे जायचं नसतं, जागा विचारायची नसते. पण माझ्या अंगात दूध होतं. सासूबाईंनी ते वाटीत काढायला लावलं आणि वाटी पदराआड घेऊन त्या बांधाकडे गेल्या. मी दारातून पाहिलं. बाभळीच्या बुडाशी त्यांनी वाटी उपडी केली. मला ठाऊक होतं ते एवढंच. मी कोणाशी बोलले नाही.

आता चिखलीकडून घरं वाढत आली. तो कोपरा एका बांधकामवाल्याने घेतला. त्याला चार मजली इमारत बांधायची आहे. नगरपरिषदेचे साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला मारुतीच्या मंडपात येणार होते. त्या सकाळी बांधकामवाल्याची माणसं येऊन आखणीसाठी चुन्याची फक्की मारून गेली. मी दुपारी पाहिलं तर पांढरी रेघ सगळीकडे होती, बाभळीपाशी मात्र नव्हती. वारा नव्हता. माणसांनी परत येऊन पुन्हा मारली, आणि माझ्या डोळ्यांदेखत चुना हळूहळू काळा पडला. माती ओली होती. चैत्राचं ऊन, आणि तिकडे नळही नाही.

मंडपात पुरुष तावातावाने बोलत होते.

"आठ दिवसाआड नळ येते. इतके बिऱ्हाडं आणून ठेवसान त पाणी कुठून देसान?"

"आमी काय आभाळात राहाव का?" भाड्याने राहणारा एक जण म्हणाला.

"चौथ्या मजल्यावर राह्यला त आभाळातच राहाशीन ना बे!"

सगळे हसले. साहेबही हसले. त्या कोपऱ्यात किती कुटुंबं मावतील यावर बराच वेळ भांडण चाललं. शेवटी साहेब म्हणाले, "पाण्याचं पाहू. जागा तर मोकळीच आहे. आणखी कोणाची हरकत?"

मी बायकांच्या मागे, खांबाला टेकून होते. छातीशी गरम ओल आल्यासारखं वाटलं. हात लावला तर पोलकं कोरडं होतं. मी कधी उभी राहिले ते कळलं नाही.

"साहेब, मोकळी नाही ते जागा."

पुरुषांतून आमच्या यांनी वळून पाहिलं आणि मान खाली घातली.

"कोण राहतं तिथे?"

"माही पोरगी."

कोणीतरी हसेल असं वाटलं. कोणी हसलं नाही. नळावर माझ्याशी रोज भांडणारी शेजारीण उठली. "माहा पोरगाबी." मागून एक म्हातारी उठली, "माहे दोघं हायेत, साहेब." मग दाराजवळची एक. मग आणखी. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. आपलंच लेकरू तिथे एकटं आहे, असं प्रत्येकीला इतकी वर्षं वाटत होतं.

पुरुषांपैकी एकानेही मान वर केली नाही. त्यांना ठाऊक होतं. एकासाठी खणताना आधीचं फावड्याला लागलंच असेल.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. परवानगी थांबवतो म्हणाले. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही सगळ्या बाभळीकडे गेलो. पहिल्यांदाच. चपला दूर काढल्या. पण पुढे पाय कुठे टाकावा ते कोणालाच कळेना. कोणाचं कुठे आहे, कसं सांगणार? आम्ही काठावरच उभ्या राहिलो. माती अजून ओली होती.