बारवेच्या पायऱ्या चावडीपुढे

वाशीम स्टेशनवर मला न्यायला रेंगी (बैलांची हलकी गाडी) आली होती. अनसिंगच्या पुढच्या एका गावाने आपला पुरातन ठेवा गावभर मांडला आहे, असं ऐकून मी अमरावतीहून शाळेची सुट्टी साधून निघाले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या बायकांना माझ्यामुळे बोल लागायला नको.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी फुलल्या होत्या. वेशीतच पहिला दगड दिसला. चुना दिलेल्या ओट्यावर उभा केलेला, दर्शनी बाजूला कमळ कोरलेलं. शाळेपुढच्या दगडावर हत्ती होता, चावडीपुढच्यांवर हंसांची रांग. प्रत्येकाला झेंडूचा हार आणि पाटी: 'आमच्या पूर्वजांची कला'. पाटील स्वतः हिंडून दाखवत होते आणि मी हरखून पाहत होते.

"उद्या विकासाचे साहेब जीपनं येऊन राह्यले," ते म्हणाले. "गावाचं नाव होईन."

जेवण त्यांच्याकडेच होतं. भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी इतकी तिखट, की मी घाईने पाण्याचा पेला उचलला. तळाशी गाळ होता. पाणी भरणारी गिरजाबाई दाराशी हंडा उतरवत होती. तिच्या गुडघ्याला हळदीचं फडकं बांधलेलं पाहून मी विचारलं, पडलात का?

"घसरली, बाई. पायऱ्या कुठी राह्यल्या आता? तुमी पाहून आल्या ना त्या, हार घातलेल्या."

जेवण तसंच ठेवून मी तिच्याबरोबर बारवेवर (पायऱ्यांची विहीर) गेले. पायऱ्या उपटलेल्या जागी चिखलाची घसरण होती आणि लिंबाला बांधलेला एक दोर. एक पोटुशी बाई एका हाताने दोर आणि दुसऱ्याने घागर धरून वर येत होती. तिला हात द्यायला मी पुढे झाले आणि स्वतःच घसरून कमरेपर्यंत माखले. वरून दुसऱ्या बायांनी तिला ओढून घेतलं.

तशाच लुगड्याने मी चावडीवर गेले.

"बाई, तुमी शिकेल हाये," पाटील शांतपणे म्हणाले. "असे दगड पायाखाली घालाचे असतात काय?"

"ज्यांनी कोरले त्यांनी पायाखालीच घातले होते," मी म्हणाले. "तुमच्या घरचं पाणी भरणारीचा गुडघा फुटलाय."

"साहेब येऊन जाऊ द्या. मंग पाहू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पाहुणी म्हणून माझी मजल तिथेच संपत होती. गिरजाबाईची संपत नव्हती. सकाळी जीप आली तेव्हा ती बायांना घेऊन चावडीपुढे बसली होती. हार बाजूला काढून त्या हंसांवर लुगडी आपटत होत्या.

साहेब खूश झाले. "वा पाटील, जुनी राहणीसुद्धा दाखवलीत."

"राहणी नाई, साहेब," गिरजाबाई पिळा सोडून म्हणाली. "पायऱ्या हायेत ह्या. हिरीच्या. आमाले तथी उतरा लागते."

साहेब बारवेपर्यंत आले, घसरणीवर एक बूट टेकवला आणि मागे घेतला. "आजच्या आज बसवा," एवढंच म्हणाले. एवढ्या साध्या गोष्टीला जीपमधला माणूस लागावा, याची मला चीड आली.

दुपारी दगड बैलबंडीने परत आले. हत्तीचा दगड उपटतानाच तडकला होता, तो उतरवताना दुभंगला. गडी कमळाची पायरी बसवू लागले तसं गिरजाबाईने त्यांना थांबवलं.

"फूल आत घाला. मातीकडं."

"काहून?" गड्याने विचारलं.

"दिसलं नाई म्हंजे कोनी उचलून नेनार नाई."

एकेक पायरी पाठमोरी बसत गेली. हंस मातीत गेले. मग ती पोटुशी बाई घागर घेऊन, दोराला हात न लावता, खाली उतरली.

परतीच्या गाडीत माझा राग निवला नव्हता. ते कमळ आता कुणालाच दिसणार नाही, याचं मला दुःख आहे. पण त्याचा दोष गिरजाबाईला कसा देऊ? आपल्या वाडवडिलांची वस्तू वापरता यावी म्हणून ती लपवायची पाळी तिच्यावर आली. आणि ती पाळी आणली, त्या वस्तूला हार घालणाऱ्यांनी.