तांदळात लिहिलेलं नाव

अन्याय झाला मनीषावर. २००६ च्या मे महिन्यात, दिंडोरीत, तिच्याच लग्नात. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने 'वैष्णवी' लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनीषा संपली.

लग्नाआधी ती आणि मी, आम्ही दोघी मैत्रिणी नाशिकमध्ये ऑनलाइन ट्रान्सक्रिप्शन करायचो. म्हणजे परदेशातल्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा. ना ऑफिस, ना साहेब, ना अनुभवाचा दाखला. पुढचं काम मिळतं ते फीडबॅकवर, म्हणजे आधीच्या क्लायंटनी तुमच्या नावापुढे दिलेल्या ताऱ्यांवर. मनीषाचे तारे माझ्यापेक्षा जास्त. लग्नानंतरही सासरी फोनच्या लाइनवर नेट लावून ती काम करत होती.

मग वेबसाइटने फोटोचं ओळखपत्र मागितलं. तिच्याकडे एकच होतं, सासरी काढलेलं मतदार कार्ड. त्यावर वैष्णवी. आडनाव बदललेलं चालतं, परदेशातही बदलतं. पण पहिलं नाव बदललं म्हणजे बाईच दुसरी! खातं बंद.

मी दिंडोरी गाठली, भांडायच्याच तयारीने.

"वैष्णवीच्या नावानं नवीन खातं काढू की," तिचा नवरा राजू म्हणाला.

"वैष्णवीला कोण ओळखतं? तिने आजवर एक ओळ टाइप केलेली नाही."

"ताई, घरची पद्धत हाय. आता परत बदललं तर लोक हसतील."

सासूबाई लसूण सोलत होत्या. "राज्या, आपल्या द्राक्षाच्या पेटीवर दुसऱ्याचं लेबल लागलं, तवा व्यापाऱ्याच्या अंगावर कोण धावलं होतं?"

"मीच की," राजू म्हणाला.

"ती तर द्राक्षं. ही पोर हाय." मग खाली बघत म्हणाल्या, "मी चांगुणा होते. त्या नावानं हाक मारणारी आई गेली, नाव बी गेलं."

दुसऱ्या दिवशी राजूच मनीषाला तहसील कचेरीत घेऊन गेला. शाळेचा दाखला जोडला, बऱ्याच खेपा घातल्या. शेवटी कार्डावर 'मनीषा' आलं. खातं उघडलं, तारे जिथल्या तिथे.

सासूबाई कॉम्प्युटरपाशी आल्या. "माझं पहिलं नाव लिही गं."

मनीषाने मोठ्या अक्षरात 'चांगुणा' टाइप केलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवलं.

"एवढुसंच होतं का गं?"

आमच्या धंद्यात नाव हेच दुकान. ते लग्नात बंद पाडायचा हक्क कुणाला नाही. तुमच्या घरी तांदळाचं ताट पुढे येईल, तेव्हा अंगठी नवरीच्या हातात द्या. तिचं आहे तेच नाव तिला लिहू द्या.